बाय गरवायला शिकते : रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीवरच्या नोंदी

१२ एप्रिल २०२५, शनिवार

हनुमान जयंती. ताई सकाळीच बायला घेऊन आली. दुपारी आबांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली आणि बाय तिच्यावर जी वाकली ती चहा होईपर्यंत उठली नाही. आत गंजलेल्या गऱ्या (मासे धरायचे आकडे), बुचाचे तुकडे, शिशाच्या गोळ्या, फळीला गुंडाळलेली सुताची जुनी दोरी.

"आबा, हे सगळं मासे पकडायचं?"

"हो गो बाय. तुझ्या मामाला यानेच शिकवलं."

मग मान वळवून मला, "मामा, मला पण."

ठरलं. मे महिन्याच्या सुट्टीत बायला गरवायला शिकवायचं. ती आठ वर्षांची, तिसरीत. परीक्षा २५ तारखेला संपते, म्हणजे तयारीला दोन आठवडे मिळाले. वही एवढ्याचसाठी घातली की मला शिकवताना काय आधी केलं नि काय नंतर, हे आबांना आता आठवत नाही आणि मला तर नाहीच नाही. बायचं तरी लिहिलेलं राहील.

सुट्टी संपेपर्यंत तिने गरी स्वतः बांधावी, आमिष स्वतः लावावं, टाकावं, लागलेला मासा स्वतः सोडवावा आणि तो घरी न्यायचा की पाण्यात सोडायचा हेही स्वतः ठरवावं. एवढंच ठरवलंय. किती मासे मिळाले याचा हिशेब धरायचा नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

पार्सल आलं. ‘मुलांसाठी संपूर्ण संच’ असं लिहिलेलं होतं आणि मी चित्र बघून मागवला. आठ फुटी, एकात एक सरकणारी काठी, तिला चांगलं मुठीएवढं रीळ. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर ६१० ग्रॅम भरलं. सोबतच्या डब्यात रबरी बेडूक, चकचकीत चमचे आणि मोठाल्या गऱ्या. आमच्या खाडीत काठावर येणाऱ्या माशांच्या तोंडात जाईल अशी गरी त्यात एकही नाही.

१९ एप्रिल, शनिवार

बंदराजवळच्या जाळ्या-दोऱ्यांच्या दुकानात गेलो. भाचीला शिकवायचंय म्हटल्यावर दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "पोरीला बसवणार कुठे?" कुठला मासा हवा, किती पैसे घालवणार, हे त्याने नंतर विचारलं. मला हा प्रश्न फार आवडला. जागा ठरली की पाण्याची खोली ठरते, खोलीवरून काठी ठरते, आणि तिथे कोण येतं त्यावरून गरी.

मी सांगितलं, पुलाच्या आतल्या अंगाला वाळूचा सपाट काठ आहे, तिथे. भरतीला फार तर माझ्या गुडघ्याएवढं पाणी.

त्याने पाव मिलिमीटर जाडीचा तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, दिला, शंभर मीटरचं रीळ. यापेक्षा बारीक घेतला तर मुलांच्या हातात गुंता होतो आणि सुटत नाही. जाड घेतला तर वेटोळी धरतो, पाण्यात ताठ उभा राहतो. गऱ्या दहा नंबरच्या सहा आणि आठ नंबरच्या सहा. गरीचा नंबर वाढतो तशी गरी लहान होत जाते, हे बायला आधीच सांगायला हवं, नाहीतर ती दहा नंबर मोठी समजेल. शिशाचे चिरा पाडलेले छर्रे एक पुडी, बुचाचे तीन तरंगे. सगळे मिळून १४५ रुपये. पार्सलचे पैसे किती गेले ते इथे लिहीत नाही, ताई ही वही वाचते.

छर्रे दातांनी दाबून बंद करायची माझी जुनी सवय आहे. आजपासून बंद. शिसं विषारी असतं आणि पोर बघतं तेच करतं. पक्कड वापरायची आणि घरी आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याला हात लावायचा नाही.

२० एप्रिल, रविवार

अंगणात सराव. गरी नाही, तंगुसाच्या टोकाला एक नट बांधला. तुळशीपासून पंधरा पावलांवर सूप ठेवलं, त्यात नट पाडायचा.

आधी पार्सलची काठी दिली. दोन्ही हातांनी छातीशी धरली तरी टोक खाली जात होतं. रीळ फिरवायला एक हात सोडला की काठी वळायची. दोरी केव्हा सोडायची, बोट केव्हा उचलायचं, हे मी सांगत होतो आणि तिचं सगळं लक्ष ती काठी पडू नये याच्याकडे. तिसऱ्या फेकीला सगळा तंगूस जास्वंदीत. बाय काही बोलली नाही. खाली बघत राहिली, ओठ घट्ट. ते मला बघवेना.

चूक माझी होती. जी काठी मला तिच्यासाठी धरावी लागते ती काठी माझी झाली. तिची कशी होणार?

आबा गोठ्यात गेले आणि आढ्याला अडकवलेली चिव्याची काठी घेऊन आले. चिवा भरीव असतो, बारीक असूनही मोडत नाही, आणि ही काठी दोन उन्हाळे धुरात वाळलेली. सहा फुटांवर कापली, म्हणजे बायच्या उंचीच्या साधारण दीडपट. टोकाला तंगूस बांधला, काठीएवढाच लांब. रीळ नाही, कड्या नाहीत, अडकायला काहीच नाही. एका हातात मावली. तीस फेकींपैकी अठरा सुपात पडल्या. (सूप अर्थातच जवळ आणलं.) शेवटच्या दहा तिने मला लांब उभं करून टाकल्या.

२६ एप्रिल, शनिवार

परीक्षा संपली. आज गाठ.

थेट तंगुसावर शिकवलं असतं तर दिसलंच नसतं. म्हणून कपाटाची मोठी किल्ली आणि परकराची नाडी घेतली. नाडी किल्लीच्या भोकातून ओवायची, मोकळं टोक मूळ नाडीभोवती पाच वेळा गुंडाळायचं, मग किल्लीच्या अगदी जवळ जो छोटा फासा उरतो त्यातून टोक काढून हळू ओढायचं. वेढे एकाशेजारी एक बसले पाहिजेत, एकावर एक चढले तर पुन्हा. सातव्या वेळी जमली. नंतर तंगूस आणि दहा नंबरची गरी. घट्ट करायच्या आधी गाठीला थुंकी लावायची. "ई! का?" म्हणाली. कोरडा तंगूस ओढताना घासून तापतो आणि तिथेच कच्चा पडतो. तिने एक ओली आणि एक कोरडी बांधून दोन्ही ओढून बघितल्या. कोरडी तुटली. आता ती न सांगता थुंकी लावते.

गरीच्या टोकामागे जो उलटा काटा असतो तो मी सगळ्या गऱ्यांचा पकडीने दाबून सपाट केला. मासा निसटायची शक्यता थोडी वाढते खरी. पण बोटात गेली तर गेली तशी बाहेर येते, आणि सोडायच्या माशाचं तोंड फाटत नाही. मुलांच्या गरीला उलटा काटा ठेवूच नये, या मताचा मी आहे.

नियम तिच्याच अक्षरात पेटीच्या झाकणात चिकटवले. निघताना गऱ्या मोजायच्या, येताना मोजायच्या. टोपी आणि चष्मा, काठी हातात नसली तरी. तरंगणारं जाकीट पाणी दिसायच्या आधी घालायचं. टाकण्याआधी मागे बघायचं.

२७ एप्रिल, रविवार. चैत्र अमावास्या

पहिला दिवस. मासा नाही. लिहिण्यासारखं मात्र पुष्कळ आहे.

निघण्यापूर्वी आबांनी बायला तिथीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता पाणी भरलेलं. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. आमच्याकडे पाणी या हिशेबाच्या पाऊणएक तास आधी भरतं, असं आबा पहिल्यापासून धरतात. आजचा हिशेब सव्वाअकरा. आम्ही काठी रोवून खूण बघितली, पाणी साडेदहाच्या सुमाराला थांबलं. बायने वेळ वहीत लिहिली. कॅलेंडरवरच्या त्या बारीक अक्षरांतून समुद्राची वेळ निघते, याचं तिला फार अप्रूप वाटलं. खरं सांगायचं तर मलाही अजून वाटतं.

पण दिवस मी चुकीचा निवडला. अमावास्येला उधाण. पाणी आत येताना एवढं ओढत होतं की तरंगा टाकल्या टाकल्या आडवा होऊन काठाला लागायचा. दोन छर्रे वाढवले, तरंगाच बुडाला. तासाभरात बाय कंटाळली नाही, थकली. दर अर्ध्या मिनिटाने काठी उचलून पुन्हा टाकायची म्हणजे थकणारच. शिकणाऱ्याला भांगाचे दिवस चांगले, सप्तमी-अष्टमी-नवमीचे. तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी, ओढ कमी, तरंगा जागेवर उभा राहतो.

साडेदहाला पाणी थांबलं ती दहा मिनिटं तरंगा सरळ उभा होता. दोनदा थरथरला. बायने माझा हात धरला. बस, एवढंच. घरी येताना गऱ्या मोजल्या तर एक कमी. वाळूत अर्धा तास शोधली, सापडली गोणपाटाच्या धाग्यात. त्या काठावर पोरं अनवाणी फिरतात. मिळेपर्यंत हलायचं नाही असं मी सांगितलं होतं, आणि तिने कुरकुर केली नाही.

१ मे, गुरुवार. वैशाख शुद्ध चतुर्थी

काठी मुद्दाम नेली नाही. साडेपाचला ओहोटी अर्ध्यावर असताना खाडीवर गेलो, कारण भरतीच्या पाण्याखाली काय असतं ते तेव्हाच उघडं पडतं. वाळूचा काठ जिथे संपतो तिथे दगड, दगडांवर कालवं, धारेने पाय कापतील अशी. त्यापलीकडे कमरेएवढा खळगा, त्यात पाणी उरलेलं. वरच्या अंगाला कांदळवनाची मुळं. बायने वहीत नकाशा काढला. दगडांच्या जागी फुल्या, खळग्याच्या जागी गोल, आणि चिखलात निवट्या उड्या मारत होत्या तिथे डोळे काढले.

"भरती आली की मासे कुठे जातील?" मी विचारलं.

तिने बऱ्याच वेळाने गोल आणि फुल्या यांच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं. मीही तिथेच ठेवलं असतं.

४ मे, रविवार. सप्तमी

भांग. हिशेबाने सव्वापाच, म्हणजे आमचे साडेचार. चारला बसलो. आमिषाला कोळंबी. सकाळी बाजारात मावशीने सर्वांत लहान वाटा दिला, तोही दिवसभर पुरून उरला. तुकडा करंगळीच्या नखाएवढाच लावायचा. मोठा लावला की मासे कडेने कुरतडून नेतात आणि गरीला काही लागत नाही, हे तिला चार तुकडे गेल्यावर पटलं.

पाच वाजता तरंगा गेला. बुडाला नाही, तिरका पळाला. बायने काठी उचलली आणि पाण्यातून एक बुटका, पोट पांढरं, पाठीवर ठिपके असा मासा बाहेर आला. वाळूवर आला न आला तोच फुगायला लागला. कर्र कर्र आवाज करत. लिंबाचा पेरू झाला. बाय आधी मागे सरली, मग खाली बसली, मग हसायला लागली ती थांबेना.

केंड. तिच्या आयुष्यातला पहिला मासा.

मी हसू दिलं आणि मग सांगितलं. केंड खायचा नाही, कधीच नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. याच्या अंगात विष असतं आणि ते शिजवूनही जात नाही. तोंडाजवळ बोट न्यायचं नाही, पुढचे दात चोचीसारखे असतात, तंगूस कापतात. ओल्या फडक्यात धरला, गरी पकडीने काढली. काटा सपाट केलेला होता, एका हिसक्यात निघाली. मासा पाण्यात ठेवला तर फुगलेलाच वर तरंगत राहिला. "मेला?" तिचा आवाज बदलला. थोड्या वेळाने ठसका लागल्यासारखा हलला, हवा सोडली आणि सरळ खाली गेला.

त्यानंतर आणखी दोन केंड. तिसऱ्याने गरीच तोडून नेली. वहीत तिने ‘एक गरी केंडाने नेली’ असं लिहिलं.

६ मे, मंगळवार. नवमी

पहाटेची वेळ घेतली. हिशेबाने पावणेसात, आपले सहा. वाळूवर पाणी चढत होतं आणि घोट्याएवढ्या पाण्यात मुडदुश्या आलेल्या. मुडदुशी वाळूत तोंड खुपसून खाते, म्हणून आज तरंगा काढून टाकला. गरीच्या वर वीतभर एक छर्रा, आमिष तळाशी. दिसायला काही नाही, हाताला कळलं पाहिजे. तंगूस बायने दोन बोटांत धरला आणि डोळे मिटले. हे मी शिकवलं नव्हतं.

तीन मिळाल्या. घरचा नियम आजच ठरला. बायची वीत मोजली, १४ सेंटिमीटर. तिच्या वितीपेक्षा लहान तो सोडायचा. आपल्या राज्य सरकारने २०२३ साली समुद्रातल्या ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली, त्यात पापलेट १३५ मिलिमीटर आहे. मोठ्या ट्रॉलरना जी शिस्त तीच वीतभर हातालाही असू दे. एक मुडदुशी वितीला पुरली नाही, गेली परत. दोन घरी आल्या.

मध्ये एक शिंगाळी लागली. इथे मात्र मी हात पुढे केला आणि बायला मागे उभं केलं. तिच्या पाठीवर एक आणि कानशिलांमागच्या परांना एकेक असे तीन काटे असतात. टोचले तर हात सुजतो आणि ठणका तासन्‌तास जात नाही. लागलंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, मग डॉक्टर. मी पकडीने गरी धरून उलटी केली, मासा आपसूक पाण्यात पडला. तिने फक्त बघायचं होतं. शिंगाळीचं काम मोठ्यांचं, आणखी दोन वर्षं तरी.

मुडदुश्या ताईने रव्यात तळल्या. बायने एक आबांच्या पानात वाढली, एक आपल्या. मला शेपटी.

११ मे, रविवार. चतुर्दशी

उधाण, त्यामुळे खाडी बंद. भाट्येच्या किनाऱ्यावर सुरूच्या बनासमोर सराव, नव्या काठीचा.

हो, रीळवाली काठी घेतली. चिव्याने जमतं तेवढं जमून झालं, आणि तो खळगा काठापासून चिव्याच्या टप्प्याबाहेर आहे म्हणून घेतली. साडेपाच फुटी, दोन तुकड्यांची, रीळ दोन हजार आकाराचं, दोन्ही मिळून चिमूटभर जास्त पावणेचारशे ग्रॅम. या वेळी बायला दुकानात नेलं. तिने चार काठ्या हातात घेऊन हलवून बघितल्या. मी तीनच गोष्टी तपासल्या. मूठ तिच्या कोपरापाशी अडत नाही ना, रिळाची कडी उघडताना तिचं बोट तंगुसापर्यंत पोचतं का, आणि कड्यांच्या आतलं कडं चिरलेलं नाही ना. कड्यांवरून कापूस फिरवायचा, धागा अडकला तर ती काठी ठेवून द्यायची, तिथे तंगूस कापला जातो. रंग तिने निवडला.

कुणी विचारलं तर मी असंच सांगेन. आधी काठी आणि बांधलेली दोरी, महिनाभर. मूल स्वतःहून ‘तिकडे लांब टाकायचंय’ म्हणालं की मग रीळ. आधीच रीळ दिलं तर ते यंत्र शिकतं आणि पाणी बघायचं राहून जातं.

चाळीस फेकी. दहा गुंते. गुंते तिने सोडवले, मी वाळूवर बसून शहाळं प्यालो. जो सुटला नाही तो कापून खिशात. तंगूस किनाऱ्यावर टाकायचा नाही. बगळ्यांच्या पायात अडकतो, कासवांच्या गळ्यात अडकतो, आणि वर्षानुवर्षं कुजत नाही.

१८ मे, रविवार. कृष्ण षष्ठी

ही नोंद सावकाश लिहितो.

पावणेचारला पाणी भरलं. आज कणकेच्या गोळ्या, कारण दगडांपाशी काळुंदर फिरताना तिने परवा पाहिली होती, आणि काळुंदर शेवाळं नि पालापाचोळा खाणारी. कोळंबीपेक्षा कणीक बरी. बायने सकाळी कणीक घट्ट मळली, त्यात चिमूटभर हळद घातली. दिसायला बरी म्हणून. गोळी मिरीएवढी. काळुंदरीचं तोंड लहान, दहा नंबरपेक्षा मोठी गरी चालत नाही.

नवी काठी नेली होती. थोडा वेळ वापरली आणि म्हणाली, "मामा, इथे चिवाच बरा." दगड जवळ होते, तिचं बरोबर होतं.

चार वाजून वीस मिनिटांनी तरंगा दोन वेळा टिचकी मारल्यासारखा हलला. तिने उचलली नाही. तिसऱ्यांदा बुडाला तेव्हा उचलली. मासा बाजूला पडला आणि दगडाकडे ओढायला लागला. तिने काठी आडवी करून त्याला वाळूकडे आणलं, मी एक शब्द बोललो नव्हतो. मग काठी खाली ठेवली, दोन्ही हात पाण्यात बुडवून ओले केले. कोरड्या हाताने धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि सोडलेला मासाही पुढे रोगाने मरू शकतो, हे मी एकदाच सांगितलं होतं. धरला. हिरवट काळी, अंगावर मोत्यासारखे बारीक ठिपके, उभे पट्टे. एका उन्हाच्या तिरिपेत ते ठिपके निळे झाले. केरळने याच माशाला आपला राज्यमासा केलंय, ते उगाच नाही.

वीत लावली. वितीपेक्षा चांगली दोन बोटं मोठी. ठेवण्याजोगी. मी पिशवी उघडली.

बाय पाण्याकडे बघत होती. दगडांच्या आडोशाला, जिथून तो मासा ओढला गेला होता तिथे, दुसरी काळुंदर जागच्या जागी फिरत होती. तिच्याखाली राईच्या दाण्यांसारखी पिल्लं, एक ढगच.

"मामा, ती का पळत नाही?"

मी सांगितलं. काळुंदरीत नर-मादी दोघं मिळून पिल्लं सांभाळतात. एक जातो तेव्हा दुसरा राखण करतो.

"आणि ही यांच्यातली?"

"असेल. मला नक्की कसं सांगता येईल?"

तिने गरी काढली. तोंड धरून, उलट दिशेला दाबून. मासा पाण्यात सरळ धरून ठेवला, कल्ले हलायला लागले तरी सोडला नाही, त्याने स्वतःच झटका दिला तेव्हा हात उघडले. तो दगडाकडे गेला. थांबला का, जोडीपाशी गेला का, ते गढूळ पाण्यात दिसलं नाही. तिने बराच वेळ बघितलं.

काठी गुंडाळून ठेवली आणि म्हणाली, आज तिकडे टाकायचं नाही. दुसरीकडे बसू.

१२ एप्रिलला जे पाच मुद्दे लिहिले होते ते आज सगळे तिने केले, मी न सांगता. पिशवी रिकामी होती. आबांना सांगताना माझा आवाज भरून आला.

२१ मे, बुधवार

काल रात्रीपासून पाऊस. अवकाळी म्हणावा तर थांबायचं नाव नाही. काजळी नदी लाल झाली. बायने खिडकीतून दहा वेळा विचारलं. विजा असताना काठी हातात घेऊन पाण्याकाठी उभं राहायचं नाही, मग ती चिव्याची असो की कार्बनची.

२५ मे, रविवार

काल दुपारी समुद्रातला कमी दाबाचा पट्टा रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये किनाऱ्यावर आला. रात्रभर वारा. आज मोसमी पाऊस महाराष्ट्रात पोचल्याचं जाहीर झालं, मेमध्येच. सुट्टीचे उरलेले दिवस खाडीकडून गेले. बाय हिरमुसली आहे आणि मीही. अंगणात पाणी साचलंय, त्यात तिने तरंगा टाकून बघितला.

शेजारची मुलं वहाळात (ओढ्यात) चढणीचे मासे धरायला निघाली होती, बायही मागे लागली. नाही म्हटलं. पहिल्या पुराला वहाळ कधी चढेल सांगता येत नाही, आणि वर चढणारे मासे अंडी घालायला निघालेले असतात. काळुंदर सोडलेल्या पोरीला दुसरं कारण लगेच समजलं. पहिल्यावर वाद घातला.

१ जून, रविवार

आजपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना बंदी, ६१ दिवस. मिरकरवाडा बंदरात बोटी ओळीने लागल्या. काठावरून गरवणाऱ्यांना ही बंदी नाही, पण आम्हीही पेटी बंद केली.

रीळ उघडलं. खारं पाणी आत राहिलं की महिन्याभरात गंज चढतो. दर वेळी गोड्या पाण्याने पुसत होतो तरी दांडीजवळ मीठ साचलेलंच. बायने जुन्या दात घासायच्या ब्रशने घासलं, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, कडी सैल करून ठेवली. चिव्याला गोडेतेलाचं फडकं, आणि पुन्हा गोठ्याच्या आढ्याला. पार्सलच्या काठीचं काय करायचं विचारलं तर म्हणाली, "ती मी मोठी झाल्यावर." ठेवली.

१५ जून, रविवार

उद्या शाळा. चौथी.

बाय पेटी मोजायला बसली. दहा नंबरच्या गऱ्या चार, आठ नंबरच्या पाच. एक केंडाने नेली, एक दगडात तुटली, एक वाकडी झाली म्हणून मी काढून टाकली. हिशेब जुळला. छर्रे अर्धी पुडी. तरंगे दोन, तिसरा अंगणातल्या पाण्यातून वाहून गेला. तंगूस पुरेसा.

मग भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढलं. नारळी पौर्णिमेच्या पुढचा रविवार उधाणातला, तो सोडून त्याच्या पुढचा. १७ ऑगस्ट. बारीक अक्षरांत बोट फिरवत तिने तिथी शोधली. नवमी. नऊची पाऊणपट ओठांतल्या ओठांत केली, पावणेसात. मग त्यातून पाऊण तास वजा केला आणि पेन्सिलीने चौकोनात सहा लिहिलं.

"सकाळी की संध्याकाळी?" आबांनी विचारलं.

"पाणी दोन्ही वेळा भरतं, आबा," ती म्हणाली, आणि सहाच्या शेजारी आणखी एक सहा लिहिलं.